तीन खुंट्यांचा दिवा



घरातला बल्ब गेला तर तुम्ही काय करता? बटण बंद करता, स्टुलावर चढता, जुना बल्ब किंचित दाबून फिरवता, काढता आणि दुकानातून आणलेला नवा त्या जागी बसवता. बल्ब एका कारखान्यातला आणि होल्डर दुसऱ्याच कारखान्यातला असतो. तरी तो बसेल की नाही, अशी शंकासुद्धा आपल्या मनात येत नाही. ही निश्चिंती आपोआप आलेली नाही. तिच्यामागे मापांचा एक करार आहे. हा करार बाजूला ठेवला तर काय घडते, याचे चांगले उदाहरण इंग्लंडमध्ये २००२ सालानंतर बांधलेल्या घरांत सापडते. ते आज आपण पाहू.

टोपीचे माप

आपल्या नेहमीच्या बल्बच्या बुडाशी धातूची एक टोपी असते. तिचा व्यास सुमारे २२ मिलिमीटर असतो. टोपीच्या दोन बाजूंना दोन लहान खुंट्या असतात. होल्डरच्या वाकड्या खाचांत त्या सरकवून बल्ब फिरवला, की आतल्या स्प्रिंगच्या दाबामुळे तो घट्ट बसतो. बंदुकीच्या टोकाला संगीन अशाच रीतीने अडकवीत, म्हणून या प्रकाराला इंग्रजीत संगिनीचेच नाव पडले. त्या नावाचे आद्याक्षर, व्यास आणि दोन विद्युत्-संपर्क मिळून त्याची खूण झाली 'बी २२ डी'. हा प्रकार आपल्याकडे इंग्रजांबरोबर आला. युरोपात व अमेरिकेत मात्र एडिसनच्या नावाचे आट्यांचे बल्ब रूढ झाले.

एक गोष्ट लक्षात ठेवा. बाजूच्या दोन खुंट्यांचे काम फक्त बल्ब धरून ठेवण्याचे. वीज आत जाते ती टोपीच्या तळाशी असलेल्या दोन ठिपक्यांतून.

नियम कशासाठी?

जुन्या बल्बमध्ये टंगस्टनची बारीक तार सुमारे २५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि प्रकाश देते. पण बहुतेक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने निघून जाते. असा ६० वॉटचा बल्ब सुमारे ७०० लुमेन प्रकाश देतो, म्हणजे दर वॉटला जेमतेम १२ लुमेन. सीएफएल म्हणजे वळवलेली छोटी ट्यूबलाइटच. तिच्यातील पाऱ्याच्या वाफेतून वीज गेली, की अदृश्य अतिनील किरण निघतात. काचेच्या आतल्या बाजूचा लेप ते शोषून घेतो आणि दृश्य प्रकाश देतो. त्यामुळे ११ वॉटचा सीएफएल सुमारे ६०० लुमेन, म्हणजे दर वॉटला ५५ लुमेन देतो.

आता हिशेब करा. दिवा रोज ४ तास जळतो असे धरू. ६० वॉटच्या बल्बला वर्षाला ८७.६ युनिटे लागतील, ११ वॉटच्या सीएफएलला सुमारे १६. एका दिव्यामागे ७१ युनिटांहून अधिक बचत! तेव्हा ही बचत व्हावी असे सरकारला वाटले, यात नवल नाही.

पण एक अडचण होती. बांधणाऱ्याने साध्या होल्डरमध्ये सीएफएल लावून घर दिले आणि राहणाऱ्याने पुढच्या महिन्यात तेथे ६० वॉटचा बल्ब बसवला, तर? म्हणून इंग्लंड व वेल्समध्ये २००२ साली बांधकामाच्या नियमांना जोडलेल्या मार्गदर्शिकेत असे सुचवण्यात आले, की नव्या घरात ठरावीक ठिकाणी अशीच दिव्याची बैठक असावी, जिच्यात दर वॉटला ४० लुमेनहून अधिक प्रकाश देणारे दिवेच बसतील. म्हणजे होल्डरनेच तारेच्या बल्बला 'येथे जागा नाही' असे सांगायचे. हे एक प्रकारचे कुलूप झाले.

दोन तऱ्हेची कुलपे

हे कुलूप दोन तऱ्हांनी करता येत होते. पहिल्या तऱ्हेत सीएफएलच्या नळीला खाली दोन किंवा चार पिना असतात आणि चोक वेगळा, छतावरच्या बैठकीत असतो. चोक कशाला हवा? तारेतून वीज गेली, की तार तापते आणि तिचा रोध वाढतो. प्रवाह आपोआप आटोक्यात राहतो. वायूचे उलट आहे. प्रवाह वाढला, की वायूत अधिक विद्युत्-कण तयार होतात, रोध घटतो आणि प्रवाह आणखी वाढतो. त्याला आवरले नाही तर नळी निकामी होईल. हे आवरण्याचे काम चोक करतो. १३ वॉटच्या नळीचा चोक २६ वॉटच्या नळीला चालत नाही. म्हणून निरनिराळ्या नळ्यांच्या बुडांना मुद्दाम निरनिराळे आकार दिलेले असतात. येथे कुलपाला भौतिकीचा आधार आहे.

दुसरी तऱ्हा म्हणजे आपल्या शीर्षकातला तीन खुंट्यांचा दिवा. त्याचा चोक त्याच्या पोटातच असतो. तो घरातल्या २३० व्होल्टवर थेट चालतो. विजेच्या दृष्टीने तो आणि दोन खुंट्यांचा सीएफएल यांत फरक नाही. तिसऱ्या खुंटीतून वीज जात नाही. तिचे काम एवढेच, की तिच्या होल्डरमध्ये साधा बल्ब बसू नये.

तिसरी खुंटी ब्रिटनमध्ये नवी नव्हती. पाऱ्याच्या वाफेच्या ८० व १२५ वॉटच्या मोठ्या दिव्यांना ती पूर्वीपासून असे. त्या दिव्यांचा चोक बाहेर असे, म्हणून ते चुकून घरच्या होल्डरमध्ये कोणी लावू नयेत यासाठी ती होती. तेथे ती दिव्याचे रक्षण करी.

राहणाऱ्यांचे हाल

नव्या घरात राहायला आलेल्या माणसाचा दिवा एक दिवस जातो. तो दुकानात जातो. फळीवर दोन खुंट्यांचे सीएफएल हवे तितके, पण तीन खुंट्यांचा एकही नाही. कोठे मिळालाच तर महाग. कारण तो करणारे थोडे, विकणारे थोडे आणि आकार वा उजेड निवडायला वाव नाही. गंमत पाहा: हातातला दोन खुंट्यांचा सीएफएल तितकीच वीज वाचवणारा, पण होल्डर त्यालाही आत घेत नाही! कुलूप चोरासाठी लावले आणि घरचा माणूसच बाहेर अडकला. मग अनेकांनी सरळ होल्डरच बदलून टाकला. साधा होल्डर आला, की तारेच्या बल्बलाही वाट मोकळी. नियमाचा हेतू तेथेच फसला.

२०१० साली ही मार्गदर्शिका बदलली. दर चार दिव्यांपैकी तीन कमी विजेचे असावेत. मात्र बैठक साधी असली आणि तिच्यात तसा दिवा लावून दिला, तरी चालेल असे ठरले. दरम्यान युरोपीय संघाने २००९ ते २०१२ या काळात तारेचे साधे बल्ब टप्प्याटप्प्याने बाजारातून काढले. मग एलईडी दिवे आले. दर वॉटला १०० लुमेन देणारे हे दिवे जुन्याच टोप्यांत बसवून विकले जाऊ लागले. साध्या होल्डरच्या घरात ते लगेच बसले. तीन खुंट्यांच्या घरात पुन्हा शोधाशोध. पिनांच्या सीएफएलचेही दिवस भरले. पाऱ्यामुळे युरोपीय संघाने २०२३ साली ते नव्याने बाजारात आणणे थांबवले.

आपल्या घरात

आपल्याकडे जानेवारी २०१५ मध्ये 'उजाला' योजना सुरू झाली. तिच्यातील एलईडी बल्बना नेहमीचीच दोन खुंट्यांची टोपी होती. कोणाला होल्डर बदलावा लागला नाही, वायरमनला बोलवावे लागले नाही. मोठ्या खरेदीमुळे एका बल्बची खरेदीची किंमत २०१४ मधील ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आली आणि ३६ कोटींहून अधिक बल्ब घरोघरी गेले. किंमत उतरल्याने माणसे बल्ब घ्यायला आली खरी. पण घेतलेला बल्ब त्याच संध्याकाळी लागला तो टोपीच्या मापामुळे.

तरीही आपण निर्धास्त राहू नये. नव्या इमारतींत छतात बसवलेले चपटे एलईडी दिवे दिसतात. त्यांतील पुष्कळांत दिवा आणि बैठक एकच असते. दिवा गेला, की सगळेच काढावे लागते. आणि पाच वर्षांनी त्याच मापाचा दिवा मिळेलच असे नाही.

आता एक काम करा. वहीत चार रकाने आखा: खोली, दिव्याचा प्रकार, वॉट आणि 'जवळच्या दुकानात मिळतो का?'. घरातला प्रत्येक दिवा त्यात नोंदवा. होल्डरमध्ये बोट घालू नका. बल्ब काढायचा असेल तर मोठ्या माणसांना सांगून मेन स्विच बंद करा आणि बल्ब निवू द्या. शेवटच्या रकान्यात 'नाही' किती वेळा आले ते मोजा. घरात नवा दिवा घ्यायचे ठरेल तेव्हा वॉट आणि किंमत यांच्याबरोबर दुकानदाराला आणखी एक प्रश्न विचारा: हा गेल्यावर याच्या जागी दुसरा कोणता बसेल?