सांध्यातली कळ

संगणक सुरू होईना, की आधी रॅमची पट्टी उपसायची, तिच्या सोनेरी कडेवर खोडरबर घासायचं, फुंकर मारायची आणि ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबून बसवायची. नव्वदच्या दशकात पुण्यात शिकलेल्या आमच्या पिढीला हा इलाज पुस्तकाने शिकवला नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणणाऱ्या मित्राचं पाहून तो हाताला लागला. पुढे अमेरिकेतल्या क्युपर्टिनोत राहायला आलो, जुने बोर्ड दुरुस्त करण्याचा नाद लागला, आणि या गावाच्या इतिहासातही त्याच इलाजाचा भाऊ भेटला.

इथल्याच ॲपल कंपनीचा ॲपल थ्री मे १९८० मध्ये जाहीर झाला. कार्यालयांसाठी बनवलेलं यंत्र, किंमत ४,३४० डॉलरपासून पुढे. स्टीव्ह जॉब्ज यांना आत पंखा नको होता, म्हणून उष्णता शोषून घ्यायला तळाशी ॲल्युमिनियमची जाड ओतीव बैठक दिली. यंत्र वापरात आलं आणि मध्येच बंद पडू लागलं. सॉकेटात बसवलेल्या चिपा सैल होत होत्या. कंपनीच्या तंत्रज्ञांनी ग्राहकांना सांगितलेला उपाय असा, की यंत्र काही इंच उचला आणि टेबलावर सोडा. धक्क्याने चिपा जागेवर बसतील. आतलं घड्याळही बिघडायचं, म्हणून ती चिपच काढून टाकावी लागली. शेवटी पहिली १४,००० यंत्रं कंपनीने फुकट बदलून दिली आणि १९८१ च्या अखेरीस सुधारित ॲपल थ्री नव्याने बाजारात आणला. तुटलेला विश्वास मात्र परत आला नाही.

या अपयशाचं खापर बहुतेक जण उष्णतेवर फोडतात. पण ज्यांनी ही पेटी घडवली त्या जेरी मॅनॉक यांचं म्हणणं वेगळं होतं. पेटी पुरेशी उष्णता बाहेर टाकत होती, दोष बोर्डात होता, असं ते सांगत. बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा इतक्या बारीक आणि इतक्या जवळ ओढल्या होत्या, की डाग (सोल्डर) देताना शेजारच्या दोन रेषांमध्ये डागाचा पूल तयार व्हायचा. मला हे पटतं. आपल्याकडचा टीव्ही मेकॅनिक पिक्चर ट्यूबला हात लावण्याआधी डागांवर भिंग धरतो, ते याच अनुभवातून.

याआधीचं यंत्र आठवलं की हे अपयश जास्त बोचतं. १९७७ च्या ॲपल टूमध्ये स्टीव्ह वॉझ्निअक यांनी चित्रासाठी वेगळं कार्डच ठेवलं नव्हतं. घड्याळाच्या ठोक्याच्या एका अर्ध्यात प्रोसेसर मेमरी वापरायचा, उरलेल्या अर्ध्यात पडद्याचं सर्किट तीच मेमरी वाचून चित्र काढायचं. ही मेमरी सतत ताजी करत राहावी लागते, नाहीतर तिच्यातलं सगळं पुसलं जातं; चित्रासाठी होणाऱ्या वाचनातच ते कामही उरकायचं. चित्र आणि स्थिरता एकाच ठोक्यावर चालत होती. रॉड होल्ट यांचा स्विचिंग पॉवर सप्लाय कमी तापायचा, म्हणून तिथे पंख्याविना खरोखरच भागलं. इतकी काटकसरीची आणि इतकी सुंदर रचना मी दुसरी पाहिलेली नाही.

मॅकिंटॉशचं अनावरण २४ जानेवारी १९८४ रोजी इथल्याच डी अँझा कॉलेजच्या फ्लिंट सेंटरमध्ये झालं. त्यातही पंखा नव्हता. चित्रनळी आणि पॉवर सप्लाय सांभाळणारा बोर्ड पेटीत उभा बसवलेला. तो रोज तापायचा, रोज निवायचा, आणि काही वर्षांनी जोडणीच्या पिनांभोवतीचे डाग तडकायचे. पडदा लुकलुकायचा, कधी चित्र आकसून एक उभी रेघ उरायची, आणि पेटीच्या डाव्या अंगाला थाप मारली की परत यायचं. आपल्या मेकॅनिकच्या भाषेत हे निखळ ‘ड्राय सोल्डर’. १९८७ च्या मॅकिंटॉश टूमध्ये सहा स्लॉट आले आणि चित्राचं काम वेगळ्या कार्डाकडे गेलं. म्हणजे सांधे वाढले.

त्यानंतरचा आजार कपॅसिटरांचा. १९८९ चा एसई/३० हा त्या काळचा सर्वांत ताकदवान छोटा मॅक. आज तो चालू केला की पुष्कळदा पडद्यावर नुसते आडवे पट्टे दिसतात. जपानी भाषेत पट्ट्यांना ‘शिमा’ म्हणतात, त्यावरून शौकिनांनी या दुखण्याला ‘सिमासिमॅक’ असं नाव दिलं. बोर्डावरच्या इवल्याशा ॲल्युमिनियम कपॅसिटरांतलं द्रव झिरपतं, तांब्याच्या रेषा खातं आणि चिपांच्या पायांखाली जाऊन बसतं. बहुतेक वेळा दोष असतो तो चिपेत नसून तिच्या पायांशी. पुढे २००४ च्या आयमॅक जी५ मध्ये कपॅसिटर झिरपण्याऐवजी फुगू लागले. सदोष द्रव भरलेल्या कपॅसिटरांची ती साथ जगभर होती, डेलचे संगणकही तिच्यात सापडले.

मग चिपांचे पाय दिसेनासे झाले. चिपेच्या पोटाखाली डागाचे शेकडो गोळे आणि त्यांच्यावर सगळी भिस्त. आयबुक जी३ उचलला की बोर्ड किंचित वाकायचा, ग्राफिक्स चिपेखालचे गोळे सुटायचे आणि पडद्यावर रेघोट्या यायच्या. जानेवारी २००४ मध्ये कंपनीने त्याचे बोर्ड फुकट दुरुस्त करून देण्याची योजना काढली. जुलै २००८ मध्ये शेजारच्या सँटा क्लारातल्या एनव्हिडियाने लॅपटॉपच्या ग्राफिक्स चिपांमधलं वेष्टणाचं साहित्य कमकुवत असल्याचं मान्य केलं आणि त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. ऑक्टोबरमध्ये ॲपलने सांगितलं, की एनव्हिडियाची ८६००एम जीटी ही चिप असलेले मॅकबुक प्रोही यात आहेत. पुष्कळांनी शिसेमुक्त डागाला दोष दिला, कारण युरोपातली शिसेबंदी १ जुलै २००६ पासून लागू झाली होती. इथे मात्र तडकत होते ते सिलिकॉन आणि त्याच्या तळपट्टीमधले, वेष्टणाच्या आतले सांधे. म्हणूनच बोर्ड ओव्हनमध्ये भाजण्याचा घरगुती उपाय दोन-चार महिनेच टिकायचा. उष्णतेने भेग तात्पुरती मिटायची, बरी व्हायची नाही.

२०११ च्या मॅकबुक प्रोमध्ये एएमडीच्या ग्राफिक्सने तेच केलं. लोक कोर्टात गेले ऑक्टोबर २०१४ मध्ये, दुरुस्तीची योजना आली २० फेब्रुवारी २०१५ ला. चार वर्षं. तोवर कित्येकांनी स्वतःचे पैसे मोजून बोर्ड बदलले होते, आणि बदललेल्या बोर्डावरही तीच चिप होती. या विलंबाचा मला आजही राग येतो. १९८१ मध्ये याच गावात पहिली सगळी यंत्रं बदलून देण्याचा मोठेपणा दाखवला गेला होता.

फ्लिंट सेंटर २०१९ मध्ये बंद झालं. डी अँझा कॉलेजच्याच वाहनतळावर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी पहाटे इलेक्ट्रॉनिक्सचा जुना बाजार भरायचा, तोही तिथून हलला. विजेरीच्या उजेडात बोर्ड तिरका धरून डाग न्याहाळणारी म्हातारी माणसं मी तिथेच पाहिली. त्यांतल्या एकांनी मला शिकवलं, की कपॅसिटर बदलण्याआधी बोर्ड धुवायचा: आधी साबणाच्या कोमट पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि दोन दिवस वाळू द्यायचा. मागच्या महिन्यात हाती आलेल्या एसई/३० च्या एका बोर्डावर तेच केलं. अकरा कपॅसिटर बदलले, तरी पट्टे होतेच. मग भिंगाखाली पडद्याच्या मेमरीशेजारची एक रेषा तुटलेली दिसली. केसाएवढी तार टाकून ती जोडली.