पत्ते बदलणारी पेटी

नोएडा-गुरुग्राममधल्या फ्लॅटमध्ये फोन, टीव्ही, लॅपटॉप आणि दारावरचा कॅमेरा अशी सगळी उपकरणं एकाच फायबरवर चालतात. बाहेरच्या जगाला मात्र त्या घराचा एकच पत्ता दिसतो. ही किमया राउटरची.

घरातल्या उपकरणांना तो बहुधा १९२.१६८ने सुरू होणारे खासगी पत्ते वाटतो. बाहेर निघालेल्या प्रत्येक पॅकेटवरचा खासगी पत्ता काढून तिथे स्वतःचा घालतो, पोर्ट क्रमांक ठरवतो आणि तशी नोंद करून ठेवतो. उत्तर आलं की नोंद बघून ते योग्य उपकरणाकडे धाडतो. सोसायटीच्या फाटकावरच्या वहीत नाव नसलेल्या पाहुण्यासारखं, नोंद नसलेलं पॅकेट बाहेरच राहतं.

मे १९९४मध्ये एगेवांग आणि फ्रान्सिस यांनी ही युक्ती लिहून मांडली, ती तात्पुरता उपाय म्हणून. इंटरनेट पत्त्यांच्या आयपीव्ही४ या पद्धतीत जेमतेम ४२९ कोटी पत्ते. ते संपणार हे तेव्हाच दिसत होतं. फेब्रुवारी २०११मध्ये जागतिक साठ्यातले शेवटचे गट वाटून झाले. तरी तात्पुरता उपाय तसाच चालू राहिला आणि पुढे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनीही आपल्या बाजूला तोच वापरायला सुरुवात केली. आता कित्येक घरांचे पत्ते दोनदा बदलतात, आणि दुसरी अदलाबदल घरमालकाच्या हातात नसते. दुरुस्तीला बसणाऱ्याने ही गोष्ट आधी तपासावी, कारण बराच वेळ इथेच वाया जातो.

समजा, पुण्यातल्या मुलीला दिल्लीत एकट्या राहणाऱ्या आईच्या दारावरचा कॅमेरा थेट बघायचा आहे. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केलं, म्हणजे बाहेरून येणारी पॅकेटं कॅमेऱ्याकडे धाडायची कायमची नोंद केली, तरी कॅमेरा उघडत नाही. अशा वेळी राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅनचा, म्हणजे राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता पाहावा. मग त्याच वाय-फायवरून, आपला पत्ता दाखवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर काय दिसतं तेही पाहावं. दोन्ही पत्ते जुळले, तर दोष बहुधा घरातच: पोर्ट चुकला असेल किंवा कॅमेऱ्याचा आतला पत्ता बदलला असेल. तो राउटरमध्ये राखीव करून ठेवावा. चाचणी मोबाइल डेटावरून घ्यावी. घरातूनच बाहेरचा पत्ता उघडून पाहिला, तर काही राउटर विनाकारण अपयश दाखवतात.

वॅनचा पत्ताच १९२.१६८ने सुरू होत असेल, तर बहुधा घरात दोन राउटर आहेत: फायबरची पेटी आणि आपण विकत घेतलेला. पेटी ब्रिज मोडमध्ये टाकावी, म्हणजे ती पत्ते बदलणं थांबवते. लॉगिन लागणारी पीपीपीओई जोडणी असेल, तर ते लॉगिन आपल्या राउटरमध्ये भरावं लागतं. नाहीतर आपल्या राउटरला अॅक्सेस पॉइंट करावं, म्हणजे तो पत्ते न बदलता फक्त वाय-फाय पुरवतो.

वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल, तर दुसरी अदलाबदल इंटरनेट कंपनीकडे होते आहे. हा पट्टा २०१२मध्ये त्याच कामासाठी राखून ठेवला गेला. इथे घरातल्या पोर्ट फॉरवर्डिंगचा काही उपयोग नाही. कॅमेऱ्याने स्वतःहून तो बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी केली, तर तो चालतो. थेट जोडणी हवी, तर इंटरनेट कंपनीकडे सार्वजनिक पत्ता मागावा लागतो आणि त्याचे बहुधा वेगळे पैसे पडतात.

मला आयपीव्ही६ या नव्या पत्ता-पद्धतीचा रस्ता जास्त पटतो. तिथे प्रत्येक उपकरणाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो. भारतात मोबाइलवर आयपीव्ही६ मोठ्या प्रमाणावर वापरात आहे, मग घरच्या फायबरवर ते का मागू नये? फक्त राउटरच्या फायरवॉलमध्ये कॅमेऱ्यापुरती वाट उघडावी, बाकी बंदच ठेवावं, आणि कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड त्याआधी बदलावा.