वाचनालयाच्या नव्या यादींत शेतकऱ्याचें पुस्तक

आपल्या बुलढाणा जिल्ह्यांत तालुक्याच्या बहुतेक गांवीं एखादें तरी सार्वजनिक वाचनालय आहे. बाजाराच्या दिवशीं माल घेऊन आलेला शेतकरी तेथें क्षणभर टेकतो, वर्तमानपत्रांतील भाव पाहतो आणि पायऱ्या उतरून निघून जातो. आंतील कपाटांकडे त्याचें लक्ष जात नाहीं. तीं कपाटें आपल्यासाठीं नाहींत अशी त्याची समजूत झालेली असते. आणि खरें बोलावयाचें तर ती समजूत अगदींच निराधार नसते. आमच्या गांवच्या वाचनालयाच्या ग्रंथपालांनीं ही स्थिति पालटण्याचा यत्न यंदा केला. नवीन पुस्तकांची जी यादी त्यांनीं कार्यकारी मंडळापुढें ठेविली तिची हकीकत सभासद या नात्यानें आम्हांस जवळून पाहावयास मिळाली. ती वाचकांस कळवावी असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

पुस्तकें घेण्याची आजवरची रीत कशी होती तें प्रथम सांगितलें पाहिजे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम 1967 सालीं झाला. त्यान्वयें मान्यता मिळालेल्या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडून त्यांस सरकारी अनुदान मिळतें. अनुदानाची रक्कम हातीं पडली कीं वर्षअखेरीस खरेदीची घाई होते. विक्रेता गठ्ठा आणून दाखवितो, सवलत सांगतो, आणि ज्या पुस्तकांवर सवलत जास्त तीं पुस्तकें दप्तरीं दाखल होतात. हिशेबास बाध येत नाहीं, संख्याही भरते. पण ज्याच्यासाठीं पुस्तक घ्यावयाचें त्यास विचारावें हें या व्यवहारांत कोठेंच येत नाहीं.

आमच्या ग्रंथपालांनीं एक साधी गोष्ट केली. टेबलावर एक वही ठेविली, आणि जो कोणी कांहीं विचारावयास आला व ज्यास द्यावयास पुस्तक सांपडलें नाहीं, त्याचा प्रश्न त्याच्याच शब्दांत तींत उतरून घेतला. दोन वर्षांनंतर ती वही त्यांनीं मंडळापुढें वाचून दाखविली. 'विहिरीचें पाणी मचूळ आहे, तें ओलितास द्यावें काय?' 'भावानें माझें नांव न लावतां फेर घेतला, हरकत किती दिवसांत घ्यावी?' 'घरचें सोयाबीन पेरलें तर उगवेल काय?' 'औषधाच्या डब्यावर लाल खूण असते तिचा अर्थ काय?' असे ते प्रश्न होते. वाचन चालू असतां बैठकींत कोणी बोललें नाहीं.

यादीचा पहिला भाग नवीं पुस्तकें घेण्याविषयीं नसून जुनीं बाजूस काढण्याविषयीं होता. याचें आम्हांस प्रथम नवल वाटलें. परंतु कारणें ऐकतां तें योग्य ठरलें. शेतकी विषयाच्या आमच्या कपाटांत जीं पुस्तकें आहेत त्यांपैकीं कांहींत बीएचसी भुकटी धुरळण्याचा सल्ला आहे. या भुकटीवर आपल्या देशांत 1997 पासून बंदी आहे. दुसऱ्या एका पुस्तकांत एंडोसल्फानची शिफारस आहे, त्यावर सर्वोच्च न्यायालयानें 2011 सालीं बंदी घातली. जमीन महसुलाच्या फळीवर तर वऱ्हाडचा 1928 चा महसूल कायदा आणि मध्यप्रदेशाचा 1954 चा कायदा समजावून देणारीं पुस्तकें अजून उभीं आहेत. आपल्याकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 ही 15 ऑगस्ट 1967 पासून चालू आहे. तेव्हां जुन्या कायद्याचें पुस्तक वाचून जो कचेरीची पायरी चढेल तो फसेल. 'पुस्तक नसलें तर माणूस कोणास तरी विचारतो; चुकीचें पुस्तक असलें तर तो विचारीतही नाहीं,' हें ग्रंथपालांचें म्हणणें आम्हांस पटलें.

यावर एका सभासदांनीं आक्षेप घेतला कीं, पुस्तकें काढलीं तर संख्या घटेल आणि वर्ग टिकविण्यास अडचण पडेल. त्यावर तोड अशी निघाली कीं, पुस्तकें नष्ट न करतां निराळ्या कपाटांत ठेवावीं व प्रत्येकावर 'केवळ पूर्वीची माहिती, सध्यां आचरणांत आणूं नये' अशी लाल चिठ्ठी लावावी. जुन्या कायद्याचा इतिहास अभ्यासणाऱ्यास तीं उपयोगी पडतीलच.

नव्या पुस्तकांत पहिला मान ग्रंथपालांनीं जमिनीच्या कागदपत्रांस दिला. या विषयांत आमचें आयुष्य गेलें असल्यामुळें दोन शब्द अधिक लिहितों. नोकरींत असतां एक वृद्ध गृहस्थ आमच्या टेबलापुढें आले. वडिलांच्या मृत्यूनंतर वारसाचा फेर झाला होता व त्यांचें नांव वगळलें गेलें होतें. नोटीस त्यांस मिळाली होती, त्यांनीं ती देव्हाऱ्यांत जपून ठेविली होती. तिजवर हरकत घेण्यास 15 दिवसांची मुदत होती हें त्यांस ठाऊक नव्हतें. ते आले तेव्हां नोंद प्रमाणित होऊन गेली होती, आणि अपिलाचे 60 दिवसही उलटले होते. पुढें विलंब माफीच्या अर्जापासून त्यांचे हेलपाटे सुरू झाले. त्या कागदावर काय लिहिलें आहे हें समजावणारें दहा पानांचें पुस्तक गांवांत असतें तर त्यांचीं कांहीं वर्षें वांचलीं असतीं.

म्हणून अशा पुस्तकांत काय असावें हें आम्हीं ग्रंथपालांस लिहून दिलें. गांव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, बारा म्हणजे पिकांची नोंद, आठ-अ म्हणजे खातेदाराची एकंदर जमीन आणि सहा म्हणजे फेरफाराची नोंदवही, हें त्यांत प्रथम यावें. वारसानें, वाटणीनें वा इतर रीतीनें जमिनींत हक्क मिळाल्यास कलम 149 प्रमाणें तीन महिन्यांच्या आंत तलाठ्यास वर्दी द्यावी लागते (त्यास 2024 पासून ग्राम महसूल अधिकारी असें नांव आहे), आणि नोंदणीकृत दस्तास ही वर्दी लागत नाहीं, हें यावें. 2021 पासून पीकपाहणीची नोंद शेतकऱ्यास स्वतःच्या मोबाईलवरून करावयाची असते, तिची रीतही असावी. आणि पुस्तकाची आवृत्ति चालू असावी. दर दोन वर्षांनीं ती बदलावी.

दुसरा मान कपाशी व फवारणी यांस होता. बीटी कापसास आपल्या देशांत 2002 सालीं परवानगी मिळाली. त्यापूर्वींच्या पुस्तकांत हिरव्या बोंडअळीचाच विचार मुख्य आहे. 2017 च्या हंगामांत मात्र शेंदरी बोंडअळीनें वऱ्हाडांतील कपाशी पोखरली. ही अळी बोंडाच्या आंत राहते, बाहेरून बोंड निरोगी दिसतें, आणि वेचणीच्या वेळीं नुकसान उघड होतें. हेक्टरी पांच कामगंध सापळे लावून पतंग मोजावे. लागोपाठ तीन रात्रीं सापळ्यामागें आठ वा अधिक पतंग आढळल्यास उपाय योजावा. फरदड घेऊं नये. इतकें ज्ञान वेळेवर घरीं असतें तर पुष्कळांचा खर्च वांचला असता. त्याच 2017 सालीं आपल्याच विदर्भांतील यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें 20 हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. डब्यावरील लाल त्रिकोण अति विषारी, पिवळा त्याखालोखाल, मग निळा आणि शेवटीं हिरवा, हा क्रम सांगणारें सचित्र पुस्तक सालगड्यासही वाचून दाखवितां येईल. ग्रंथपालांनीं त्याच्या एका ऐवजीं पांच प्रती मागितल्या त्या याच कारणानें.

तिसरा भाग माती, पाणी व बियाणें यांचा. आपला जिल्हा घाटावर एक आणि घाटाखालीं दुसरा आहे हें वाचकांस सांगावयास नको. चिखली, मेहकरकडील शेतकऱ्यास जें पुस्तक उपयोगी तें पूर्णेकांठच्या शेतकऱ्यास पुरणार नाहीं. संग्रामपूर, जळगांव जामोद, शेगांव या भागांतील खारपाणपट्ट्यांत भूगर्भांतील पाणी खारें असतें. तें काळ्या चिकण जमिनीस वारंवार दिल्यास माती फुगते, निचरा बंद होतो व पुढें पीक धरत नाहीं. तेथें पावसाचें पाणी शेततळ्यांत सांठविणें आणि मातीची परीक्षा करूनच जिप्सम घालणें हे मार्ग आहेत. ते समजावणारें पुस्तक घाटाखालील वाचनालयांत तर हटकून असावें. बियाण्याविषयीं म्हणाल तर घरच्या सोयाबीनच्या 100 बिया ओल्या गोणपाटांत गुंडाळून ठेवाव्या, आणि त्यांपैकीं 70 वा अधिक उगवल्या तर तें बियाणें पेरण्याजोगें समजावें. एवढी एक रीत ज्या पुस्तकांत सचित्र आहे त्याची किंमत एका पिशवीच्या किंमतीहून कितीतरी कमी असते. याशिवाय अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाची कृषि संवादिनी दरवर्षीं आणि कृषि खात्याचें 'शेतकरी' मासिक नियमानें यावें, अशीही शिफारस होती.

चौथ्या भागावर वाद झाला. त्यांत महात्मा फुले यांचा 1883 सालचा 'शेतकऱ्याचा असूड' होता. आपल्याच जिल्ह्यांतील सदानंद देशमुख यांची 'बारोमास' ही कादंबरी होती, जिला 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आणि मेहकरचे कवि ना. घ. देशपांडे यांचे काव्यसंग्रह होते, ज्यांतील 'खूणगाठी' या संग्रहास 1986 सालीं तोच मान मिळाला. 'शेतकऱ्यास कादंबरी कशास?' असें एका वडील सभासदांनीं विचारलें. ग्रंथपालांनीं उत्तर दिलें कीं, फवारणीचें पुस्तक पिकास काय झालें तें सांगतें. शिकून घरीं बसलेल्या मुलास आणि कर्जाखालीं अबोल झालेल्या बापास काय झालें तें 'बारोमास' सांगतें. फुल्यांनीं शेतकऱ्याच्या कर्जाची चर्चा केली तशी बांधबंदिस्ती व तलावांचीही केली, तेव्हां तो ग्रंथ शेतकीचाही आहे. आम्ही स्वतः प्रथम त्या वडील सभासदांच्या बाजूचे होतों. घरीं नेऊन 'बारोमास' वाचली आणि पुढील बैठकींत आमचें मत बदलल्याचें सांगितलें.

पैशाचा प्रश्न शेवटीं आलाच. सर्व यादीस पुरेल इतकी रक्कम नव्हती. मंडळानें पहिले तीन भाग मंजूर केले, आणि चौथ्यासाठीं देणगी मागावी असें ठरविलें. वडिलांच्या वर्षश्राद्धास पंक्तीचा खर्च थोडा आवरून त्यांच्या नांवानें एक पुस्तक देणारे दोन गृहस्थ लगेच पुढें आलेही. परंतु मंडळानें एक अटही घातली आहे आणि तीच आम्हांस वाचकांपुढें मुद्दाम ठेवावयाची आहे. वर्षभर हीं शेतकीचीं पुस्तकें कितीदां घरीं गेलीं हें पाहून पुढील वर्षाची खरेदी ठरणार आहे. तीं कपाटांत पडून राहिलीं तर 'शेतकरी वाचीत नाहीं' असा शेरा पडेल आणि पुन्हां गठ्ठ्याची रीत सुरू होईल. अट कडक आहे, पण अन्यायाची नाहीं. डॉ. रंगनाथन यांनीं 1931 सालीं ग्रंथालयशास्त्राचीं पांच सूत्रें मांडलीं. त्यांचा एक आशय असा कीं, प्रत्येक वाचकास त्याचें पुस्तक मिळावें तसा प्रत्येक पुस्तकासही त्याचा वाचक मिळावा. पहिलें काम ग्रंथपालांनीं केलें, दुसरें आपणांकडे आहे.

वाचनालय दूर पडतें ही खेड्यांतील लोकांची तक्रार खरी आहे. तिजवरही उपाय जुनाच आहे. नाशिक जिल्ह्यांतील कवळाणें येथें शेतकऱ्याच्या घरीं 1863 सालीं जन्मलेले सयाजीराव गायकवाड बडोद्याचे महाराज झाले. त्यांनीं 1910 सालीं बॉर्डन नांवाचे अमेरिकन ग्रंथपाल आणून राज्यभर वाचनालयें उघडलीं, आणि जेथें तीं नव्हतीं तेथें पुस्तकांनीं भरलेल्या लाकडी पेट्या फिरत्या ठेविल्या. आमच्या ग्रंथपालांनीं अशीच एक पेटी तालुक्यांतील खेड्यांत महिना महिना ठेवण्याचें योजिलें आहे. गांवांत पेटी ठेवून घेणारा एक जबाबदार गृहस्थ मिळावा, एवढीच त्यांची मागणी आहे.

अक्षय्य तृतीयेस भेंडवळची घटमांडणी होते, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं येत्या सालाचें भाकीत ऐकण्यास दुरून शेतकरी जमतात. पुढील वर्षाविषयीं जाणून घेण्याची ही तहान मोठी आहे. तिचा थोडा अंश तरी वाचनालयाच्या पायऱ्या चढण्याकडे वळावा. वाचकहो, पाडव्यापासून मृगापर्यंतचे दिवस तुलनेनें मोकळे असतात. त्या दिवसांत आपापल्या तालुक्याच्या वाचनालयांत जावें, सभासद व्हावें, आणि ग्रंथपालांस विचारावें कीं आमच्या प्रश्नांची वही ठेविली आहे काय. नसल्यास चार आण्यांची जुनी वही आपणच न्यावी, आणि पहिला प्रश्न आपल्या हातानें लिहावा. यादी तेथूनच तयार होईल.