जुनी दुर्बीण घेताना

हिवाळ्यात सकाळी रंकाळ्याच्या किंवा कळंबा तलावाच्या काठी उभे राहा. पलीकडच्या चिखलात तुतवार टिपताना दिसतो, पण तो नेमका कोणत्या जातीचा हे साध्या ८ × ४० दुर्बिणीने ठरवता येत नाही. त्यासाठी तिवईवर बसवायची, एका डोळ्याने पाहायची मोठी दुर्बीण लागते. पक्षीनिरीक्षक तिला ‘स्पॉटिंग स्कोप’ म्हणतात. नवी महाग पडते, म्हणून जुनी शोधली जाते. शाळेच्या निसर्ग मंडळाने वर्गणी काढून ती घ्यायची असेल, तर पारख करूनच घ्यावी.

प्रथम आकडे वाचू. ‘२०–६० × ६०’ म्हणजे विवर्धन २० ते ६० पट आणि पुढच्या भिंगाचा व्यास ६० मिमी. विक्रेता ‘साठ पट’ म्हणून भुरळ घालतो. तुम्ही व्यासाला विवर्धनाने भागा. २० पटीला ३ मिमी जाडीची प्रकाशशलाका डोळ्याकडे येते, ६० पटीला अवघी १ मिमी. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून अंधुक उजेडात प्रतिमेची तेजस्विता एक नवमांश उरते.

आता तपशिलाचे पाहू. ६० मिमीचे निर्दोष भिंग सुमारे २ विकला कोनातील दोन बिंदू वेगळे दाखवते. डोळ्याला मात्र १ कला, म्हणजे ६० विकला लागतात. ६० भागिले २ बरोबर ३०. सुमारे ३० पटीपर्यंत नवा तपशील मिळत जातो. त्यापुढे चित्र मोठे होते, पण तपशील फारसा वाढत नाही. २०० मीटरवर नुसत्या डोळ्याला ६ सेंमी अंतरावरच्या खुणा जेमतेम वेगळ्या दिसतात. या दुर्बिणीतून २ मिमी अंतरावरच्याही दिसू शकतात. तेव्हा पैसे मोजावेत ते भिंगाच्या व्यासासाठी आणि दर्जासाठी, ‘पटी’साठी नव्हे.

मग तपासणी. पुढच्या भिंगावर बॅटरीचा झोत तिरपा टाकून आत पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती बुरशी. कोल्हापूरच्या पावसाळ्यात ती सहज धरते आणि काचेवरचा लेप खाते. अशी दुर्बीण स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. चार धूलिकणांनी मात्र काही बिघडत नाही. शालिनी पॅलेसच्या मनोऱ्याची आकाशालगतची कड पाहा. तिच्यावर जांभळी-हिरवी किनार जितकी कमी, तितके भिंग चांगले. रात्री एखादा तारा मध्यभागी आणून फोकस दोन्ही बाजूंना थोडा हलवा. ठिपका पसरून गोल चकती व्हावी. ती लांबट झाली तर भिंग किंवा लोलक सरकलेला असू शकतो. सूर्याकडे दुर्बीण कधीही रोखू नये. डोळा कायमचा जाईल.

तिवईसाठी पैसे राखून ठेवा. ३० पटीच्या दुर्बिणीत हाताचा कंपही ३० पट दिसतो. तेवढे पैसे उरत नसतील, तर चांगली ८ × ४० दुर्बीण घ्यावी. डळमळत्या स्कोपपेक्षा तिच्यातून अधिक पक्षी ओळखता येतील. आणि घेतलेली दुर्बीण पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, म्हणजे ती तुमच्यानंतरच्या वर्गांनाही उपयोगी पडेल.