न्यूटनच्या मळ्यातील माळ

कॅरिबियन बेटांच्या पूर्व कडेला बार्बाडोस नावाचे एक चिमुकले बेट आहे. क्षेत्रफळ अवघे ४३० चौरस किलोमीटर. आपल्याकडील कित्येक तालुके त्याहून मोठे भरतील. १६२७ मध्ये इंग्रजांनी तेथे वसाहत केली. १६४० नंतर उसाची लागवड वाढली आणि त्या उसासाठी आफ्रिकेतून माणसे आणून विकली जाऊ लागली. १६६१ च्या कायद्याने त्यांच्यावरील मालकांच्या जवळजवळ अनिर्बंध सत्तेला राजमान्यता मिळाली. या बेटाच्या संग्रहालयाचा परिचय स्मरणिकेच्या वाचकांना करून द्यावा असे आम्हांस वाटले. कोणत्या वस्तू जपल्या जातात, कोणाच्या जपल्या जातात आणि ते ठरवतो कोण, हे प्रश्न तेथे फार स्पष्टपणे समोर येतात.

‘बार्बाडोस म्युझियम अँड हिस्टॉरिकल सोसायटी’ ही संस्था १९३३ मध्ये स्थापन झाली. तिचे संग्रहालय आहे ते ब्रिटिश फौजेच्या जुन्या तुरुंगात. आरंभीच्या काळात येथे मुख्यत्वे मळेवाल्यांचे व व्यापाऱ्यांचे वैभव गोळा झाले. महोगनीचे पलंग, चांदीची भांडी, चिनी मातीच्या बशा, नकाशे यांनी सजवलेल्या मळेवाल्याच्या घरातील खोल्या आजही पाहावयास मिळतात. त्या सुंदर आहेत, यात शंका नाही. परंतु ती चांदी घासली कोणी, याचा पत्ता त्या खोल्यांत लागत नाही. स्वातंत्र्यानंतर, विशेषतः १९८० पासून, खुद्द बार्बाडोसमध्येच हा आक्षेप जोराने मांडला गेला आणि बहुसंख्य जनतेचा इतिहास दालनांत आणण्याचे काम सुरू झाले.

पण बहुसंख्यांच्या वस्तू आणायच्या कोठून? ज्यांना स्वतःच्या देहावर हक्क नव्हता, त्यांची मालमत्ता कोण जपून ठेवणार? याचे उत्तर मातीने दिले. क्राइस्ट चर्च परगण्यातील न्यूटन मळ्यावर गुलामांची दफनभूमी होती. १९७० च्या दशकाच्या आरंभी जेरोम हँडलर व फ्रेडरिक लँग या संशोधकांनी तेथे उत्खनन केले. सुमारे १६६० ते १८२० या काळात तेथे साडेपाचशेहून अधिक माणसे पुरली गेली असावीत, असा अंदाज आहे. थडग्यावर दगड नाही, नाव नाही.

त्यांतील एका कबरीत पन्नाशीच्या आसपासचा एक पुरुष होता. सतराव्या शतकाच्या अखेरीस किंवा अठराव्याच्या आरंभी तो निवर्तला असावा. अंगावर धातूची कडी व अंगठ्या, जवळ सुरी व मातीची चिलीम. ही चिलीम पश्चिम आफ्रिकी घडणीची. गळ्यात एक विलक्षण माळ होती. कुत्र्याचे सुळे, माशाचे मणके, युरोपी काचेचे मणी, कवड्या आणि एक मोठा तांबडा अकीक. हा माणूस आपल्या लोकांत वैद्य किंवा भविष्यवेत्ता म्हणून मानला जात असावा, असे हँडलर यांचे अनुमान आहे. आम्हांस ते पटते. अंगठी-कड्यांसह ज्याला पुरले, त्याला पुरणाऱ्यांच्या मनात मान असलाच पाहिजे.

ही एकच माळ म्हणजे त्या काळच्या जगाचा नकाशा आहे. कवड्या मूळच्या हिंदी महासागरातील, मुख्यतः मालदीवच्या. पश्चिम आफ्रिकेत त्या चलन म्हणून चालत आणि त्या मोजून माणसेही विकत घेतली जात. मराठीत आपण ‘कवडीमोल’ म्हणतो. येथे कवडी हेच माणसाचे मोल होते. अकीकाचा मणी बहुधा आपल्या पश्चिम किनाऱ्याकडचा. राजपिपळ्याच्या परिसरात निघणारा हा दगड खंबायतचे कारागीर घडवीत आणि तो अरबी व्यापारातून आफ्रिकेत पोहोचे. गुजरातेतल्या कोण्या मणिकाराच्या हातचा मणी बार्बाडोसच्या मातीत, एका गुलामाच्या गळ्यात सापडावा, हे वर्गात सांगितले की मुले क्षणभर गप्प होतात.

हाडांनीही साक्ष दिली. अनेक सांगाड्यांत शिशाचे प्रमाण फार मोठे आढळले. रम गाळण्याच्या उपकरणांत शिसे वापरले जाई. त्या रममधून ते विष शरीरात भिनत गेले असावे, असा संशोधकांचा तर्क आहे. मळ्यांच्या हिशेबवहीतून हे कधीच कळले नसते.

कागद मात्र अगदीच मुके नाहीत. १८१७ पासून मालकांना आपल्या गुलामांची यादी सरकारला द्यावी लागे: नाव, लिंग, वय, जन्म आफ्रिकेतला की बेटावरचा. हेतू मालमत्तेची गणना हाच. परंतु आज वंशजांना आपल्या पूर्वजांची नावे त्याच याद्यांत सापडतात. बार्बाडोसमधील या स्वरूपाच्या दस्तऐवजांना २००३ साली युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत स्थान मिळाले. १८३४ मध्ये मुक्तीचा कायदा अमलात आला, तरी उमेदवारीच्या नावाखाली सक्तीची मजुरी १८३८ पर्यंत चालू राहिली. ब्रिटिश साम्राज्यातील मालकांना भरपाईपोटी दोन कोटी पौंड मंजूर झाले. मुक्त झालेल्यांच्या हाती छदामही पडला नाही. अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली, तेव्हा या घटनेला चाळीस वर्षेही झाली नव्हती.

न्यूटनची ती जमीन पुढे संग्रहालयानेच आपल्या ताब्यात घेतली. नोव्हेंबर २०२१ मध्ये बार्बाडोस प्रजासत्ताक झाला आणि त्याच सुमारास तेथे स्मारक व संशोधन केंद्र उभारण्याची योजना सरकारने जाहीर केली. दफनभूमीच्या भोवती शेते आहेत. जमिनीवरील हलके उंचवटे हीच तेथील कबरींची खूण.