तार जिथे थांबते

लेस पॉल पद्धतीच्या इलेक्ट्रिक गिटारच्या तारा पूर्ण सैल करा. ज्या ब्रिजवर सहाही तारा टेकलेल्या असतात, तो अलगद हातात येतो. दोन उभ्या खुंट्यांवर तो नुसता बसवलेला असतो. त्याला ना स्क्रू, ना सरस. त्याच्यामागचा टेलपीस, म्हणजे तारांची टोकं ज्यात ओवलेली असतात तो आडवा दांडा, तोही आपल्या दोन खुंट्यांच्या खाचेतून सरकून मोकळा होतो. वाजत्या गिटारीत या दोघांना जागेवर धरून ठेवतो तो फक्त तारांचा ताण. नेहमीच्या 10 ते 46 (इंचाचे हजारांश) जाडीच्या संचात सहा तारांचा मिळून हा ताण साधारण 45 किलो भरतो. तारा ब्रिजमुळे ताठ राहतात आणि ब्रिज तारांमुळे उभा राहतो.

हे दोन सुटे भाग बदलणं ही गिटारवाल्यांची आवडती डागडुजी. काही हजार रुपयांचा धातूचा तुकडा बदलून स्वर बदलेल का, असा प्रश्न कुणालाही पडेल. उत्तरासाठी तारेवर काय घडतं ते बघावं लागतं.

तार छेडली की तिच्यावरून लाट धावते, ब्रिजला धडकून उलटते, दुसऱ्या टोकाच्या नटवरून, म्हणजे खाचांच्या पट्टीवरून, पुन्हा परतते. सगळ्यात बारीक तार मोकळी वाजवली तर अशा जवळपास 330 फेऱ्या एका सेकंदात होतात. म्हणजे स्वर ऐकू येत असताना ब्रिजवरच्या त्या एका बिंदूची दर सेकंदाला 330 वेळा परीक्षा होत असते. आता थोडा हिशेब करू. दर फेरीत लाटेची उंची फक्त एक टक्का घटली, तर एका सेकंदानंतर तिची चार टक्केही उरत नाही. तीच घट एक दशांश टक्का असेल, तर सेकंदानंतरही 72 टक्के शिल्लक राहते. लांब रेंगाळणारा स्वर आणि लगेच विझणारा स्वर यांच्यातलं अंतर एवढं बारीक आहे. भिंतीवर मारलेला चेंडू उसळतो, पोत्यावर मारलेला तिथेच बसतो. ब्रिजने भिंत व्हायचं असतं.

इलेक्ट्रिक गिटारमध्ये तर हे जास्तच खरं. तारांखालचा पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेची हजारो वेढ्यांची गुंडाळी. पोलादी तार चुंबकासमोर हलली की गुंडाळीत वीज उपजते. पिकअपला कळते ती फक्त तारेची हालचाल. ब्रिज कितीही चमकला तरी ती चमक अँप्लिफायरपर्यंत पोचत नाही. पोचतं ते ब्रिजने तारेत टिकू दिलेलं कंपन.

हा ब्रिज घडला अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या कॅलामझू इथल्या गिब्सनच्या कारखान्यात. 1952 साली गिब्सनची लेस पॉल गिटार आली तेव्हा तिच्यावर लांब ट्रॅपीझ टेलपीस होता आणि तारा त्याच्या दांड्याखालून ओढून घ्याव्या लागत. त्यामुळे तळहाताची कड तारांवर टेकवून स्वर दाबणं अवघड जाई, आणि प्रत्येक तारेची लांबी वेगळी जुळवायची सोयच नव्हती. तोडगा काढला तो टेड मॅकार्टी यांनी. ते गिब्सनचे अध्यक्ष होते, शिक्षणाने इंजिनिअर, आणि स्वतः गिटार वाजवत नसत. त्यांच्या 'ट्यून-ओ-मॅटिक' ब्रिजमध्ये सहा तारांना टेकायला सहा छोटी सॅडल होती आणि प्रत्येक सॅडल पुढेमागे सरकवायला स्वतंत्र स्क्रू होता. दोन्ही टोकांच्या चाकांनी अख्खा ब्रिज वरखाली होई. 1954 च्या लेस पॉल कस्टमवर तो बसला आणि 1956 साली त्याचं पेटंट मंजूर झालं. जगभरच्या असंख्य गिटारांवर आजही मुळात हीच रचना आहे.

सॅडल पुढेमागे का सरकवायचं? मानेवरच्या बाराव्या फ्रेटवर, म्हणजे धातूच्या आडव्या पट्टीवर, तार दाबली की ती बरोबर निम्मी होते आणि स्वर एक सप्तक वर जातो, हे कागदावर. प्रत्यक्षात दाबताना तार किंचित ताणली जाते, शिवाय तिला स्वतःचा ताठरपणा असतो, म्हणून स्वर थोडा चढतो. त्यावर उपाय म्हणजे तार जराशी लांब करणं. सुमारे 628 मिलिमीटर लांबीच्या तारेत सॅडल एक मिलिमीटर मागे घेऊन मोकळी तार पुन्हा जुळवली, की बाराव्या फ्रेटवरचा स्वर पावणेतीन सेंटच्या आसपास उतरतो. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. जाड आणि बारीक तारांना ही भरपाई वेगवेगळी लागते, म्हणून नीट जुळवलेल्या ब्रिजकडे वरून पाहिलं तर सॅडल एका रेषेत दिसत नाहीत. खर्जाच्या तीन गुंडाळलेल्या तारांची एक उतरण, आणि तिसऱ्या, साध्या तारेपाशी पुन्हा मागे जाऊन सुरू होणारी दुसरी उतरण. तारांचं सगळं पदार्थविज्ञान त्या सहा ठिपक्यांत मांडून ठेवलेलं असतं.

मग जुना ब्रिज बिघडतो कसा? टेलपीसकडे उतरताना तार ब्रिजवर वळते. हे वळण 15 अंशांचं धरलं, तर 45 किलोंच्या ताणातले साडेअकरा किलो सरळ खाली दाबतात, दिवसरात्र, वर्षानुवर्षं. स्वस्त ब्रिज जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात. ते मधोमध खचतात. मग मधल्या तारा फ्रेटच्या फार जवळ येऊन खरखरतात. सॅडलच्या खाचा झिजतात, सॅडल आपल्या घरात डुगडुगतात, खुंट्या लाकडात हलू लागतात. प्रत्येक सैल सांधा म्हणजे कंपन गिळणारी एक जागा. चांगल्या ब्रिजने खरा फरक पडतो तो इथे: घट्ट बसणारी सॅडल, न वाकणारा पाया, नेमकी कापलेली खाच. काही ब्रिज-टेलपीसना बारीक स्क्रू असतात, ते आवळले की दोन्ही भाग खुंट्यांना जखडले जातात आणि तारा बदलतानाही जुळणी हलत नाही.

धातूबद्दल गिटारवाल्यांत तावातावाने वाद चालतात. पितळेचं सॅडल गोड, पोलादाचं धारदार, 1950 च्या दशकासारखा अॅल्युमिनियमचा हलका टेलपीस मोकळा, असं सांगतात. त्याच आकाराचा जस्ताचा टेलपीस अॅल्युमिनियमच्या जवळपास अडीचपट जड असतो, तेव्हा काहीच फरक पडत नसेल असं म्हणवत नाही. पण हेल्मुट फ्लायशर आणि टिलमान त्स्विकर या जर्मन संशोधकांनी 1990 च्या दशकात इलेक्ट्रिक गिटारची कंपनं मोजली, तेव्हा काही स्वर लवकर विझण्याचं कारण मुख्यतः गिटारच्या मानेत सापडलं. ब्रिजची बाजू त्या मानाने फारच स्थिर होती. म्हणून माझं मत असं, की आधी सांधे बघावेत, धातू नंतर.

खाचेचं महत्त्व तर आपल्या मिरजेच्या कारागिरांकडून समजून घ्यावं. गिटारच्या सॅडलच्या एका तीक्ष्ण कडेवरून तार सुटली पाहिजे. ती कड झिजून सपाट झाली की तार तिच्यावर घासत राहते आणि सतारीसारखी झणझणते. गिटारवाल्याच्या लेखी हा दोष. तंबोऱ्यात हीच झणझण मुद्दाम मिळवतात. रुंद घोडीला अगदी सौम्य उतार देऊन, कानस फिरवून, तारेखाली सुताचा दोरा सरकवत जवारी काढली जाते, आणि त्यातून उपस्वरांचं झुंबर उजळतं. सी. व्ही. रामन यांनी 1921 साली दाखवून दिलं, की तार ज्या ठिकाणी छेडली तिथे काही उपस्वर उमटू नयेत असा जो जुना नियम होता, तो तंबोरा आणि वीणा मोडतात, आणि त्याचं कारण या घोडीच्या वक्र पृष्ठभागात आहे. 1967 साली अमेरिकेत डॅनइलेक्ट्रोने व्हिन्सेंट बेल या वादकाबरोबर कोरल नावाची इलेक्ट्रिक सतार काढली. ती मुळात गिटारच. ब्रिज मात्र रुंद आणि सपाटसर ठेवला, म्हणजे झणझण यावी. तारेच्या शेवटाचा आकार बदलला आणि वाद्याचा देशच बदलला.

नवा ब्रिज-टेलपीस संच घेण्याआधी मोजमाप मात्र काटेकोर हवं. खुंट्यांमधलं अंतर ब्रिजसाठी बहुधा 74 मिलिमीटर आणि टेलपीससाठी 82 मिलिमीटर असतं, पण आटे फसवतात: अमेरिकन गिटारला इंची, आशियाई बनावटीच्या बऱ्याच गिटारना मेट्रिक आणि जाड. चुकीची खुंटी जोर लावून फिरवली की लाकूड फाटतं. आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. टेलपीसच्या एका खुंटीच्या भोकात आतून आलेली अर्थिंगची वायर टेकलेली असते. तारांना हात लागताच अँप्लिफायरमधली गुणगुण कमी होते ती या वायरीमुळे. जोडकाम झाल्यावर गुणगुण वाढली, तर आधी तिथे बघावं.

शेवटी तारा चढवा, सॅडल जुळवा, आणि अँप्लिफायर लावण्याआधी गिटार तशीच वाजवून पाहा. एक स्वर छेडून तो पूर्ण विझेपर्यंत ऐका, मग पुढचा फ्रेट, मग पुढची तार. जे तारेत नाही ते पिकअपला सापडणार नाही. जे तारेत टिकलं आहे ते सगळं पुढे जाईल. मॅकार्टींच्या सहा स्क्रूंनी वादकाच्या हाती दिली ती हीच सत्ता: तार नेमकी कुठे संपावी, हे ठरवण्याची.