पाहिलेला धडा आणि कोरे पान

पुण्याची 'बालचित्रवाणी' १९८४ साली सुरू झाली व २०१७ साली बंद पडली. दूरदर्शनवर तिचे कार्यक्रम पाहत आमची पिढी वाढली. आज ती जागा मोबाईलने घेतली आहे. प्रश्न मात्र जुनाच आहे: पाहिलेले लक्षात राहते काय?

चित्राचा उपयोग होतो, यात शंका नाही. मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन पायव्हिओ यांनी १९७१ साली मांडले की, शब्द व चित्र यांची नोंद मनात दोन निरनिराळ्या मार्गांनी होते. एक पुसट झाली तरी दुसरीवरून आठवते. भाट्याच्या खाडीची भरती-ओहोटी आपली मुले रोज पाहतात, पण चंद्राचे आकर्षण डोळ्यांना दिसत नाही. ते हलत्या चित्रात उलगडते.

मात्र नुसते पाहणे म्हणजे शिकणे नव्हे. बँकेत दिवसभर कितीतरी खातेक्रमांक माझ्या डोळ्यांखालून जातात. संध्याकाळी एकही आठवत नाही! २००६ साली अमेरिकेत रोडिगर व कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुन:पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र, न पाहता आठवून लिहिणारे पुढे गेले.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, व्हिडिओ संपताच तोच पुन्हा लावू नका. कोऱ्या पानावर पृथ्वी, चंद्र आणि पाण्याचे दोन्ही बाजूंचे फुगवटे काढा. अडेल तेवढेच परत पाहा. कित्येक घरांत मोबाईल एकच असतो आणि तोही वडील कामावर नेतात. अशा घरातील मुलाने रात्री एकदा पाहावे, सकाळी आठवून लिहावे व अडलेले गुरुजींना विचारावे.